खालची कड

अंबडच्या त्या फर्निचरच्या शेडमध्ये प्लाय कापायचं राऊटर मशीन चालवणारी संध्या ही एकटीच बाई होती. तिच्या हातून निघालेल्या प्लायच्या कडेवरून बोट फिरवायला मालक दिनेशभाऊ मुद्दाम गिऱ्हाइकांना आत बोलवत. "डोळे मिटून फिरवा," ते म्हणत. गिऱ्हाईक बोट फिरवी, मान डोलवी, आणि मग बोलणं पुढं सरके.

नऊ वर्षांपूर्वी ती इथं घासकामाला लागली होती. मशीनवरून उतरलेल्या फळ्यांच्या कडा पॉलिश पेपरनं घासता घासता कुठली कड कशामुळे बिघडते हे आधी तिच्या बोटांना कळलं, डोक्याला नंतर. बिट, म्हणजे मशीनचं फिरतं पातं, बोथट झालं की लाकूड कापलं जात नाही, फाटतं. मशीन फार हळू चालवलं की कड करपते, घाईनं चालवलं की वरच्या थराच्या ढलप्या उडतात. शेवटच्या फेरीत तुकडा सुटून हलला की कडेला पायरी पडते. म्हणून ती तळाशी कागदाएवढा पापुद्रा शिल्लक ठेवी आणि तो काढायला एक हलकी फेरी वेगळी फिरवी. टेबलावर, फळीच्या खाली, एक जुना बोर्ड टाकलेला असे. त्याला चरे पडले की ती तो तासून सपाट करून घेई. खाली टेकू नसला तर बिट बाहेर पडताना लाकडाचे तंतू ओढून नेतं. वरून फळी आरशासारखी दिसते आणि उलटी केली की खालच्या कडेला कुसळं उभी असतात. मशीनवरचा आधीचा माणूस नोकरी सोडून गेला तेव्हा दिनेशभाऊंनी दुसरा शोधलाच नाही. "तूच उभी राहा," एवढंच म्हणाले.

त्याला दोन वर्षं झाली आणि मनोज पडला. मनोज तिचा नवरा. लासलगावला एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर सिमेंटचे पत्रे बदलत होता. जुना पत्रा पायाखाली बिस्किटासारखा मोडला आणि तो खाली कांद्याच्या ढिगावर नाही, ढिगाच्या शेजारी फरशीवर आपटला. कमरेत मणका गेला. कमरेखाली ना हालचाल उरली, ना जाणीव. चटका बसला तरी कळायचं नाही, मुंगी चावली तरी कळायचं नाही.

नाशिक रोडला जेल रोडच्या बाजूला त्यांच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या होत्या. सायखेड्याहून सासू, अक्काबाई, येऊन राहिली. दिवसा ती मनोजचं सगळं बघे, संध्याकाळी संध्या. रोज कामावरून आली की संध्या त्याला कुशीवर वळवी आणि पाठीपासून टाचेपर्यंत कातडी न्याहाळी. कुठं लाल झालंय का, कुठं खरचटलंय का. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की त्याच्या वतीनं आता तुम्हालाच दुखलं पाहिजे.

तीन वर्षं हे चाललं. अक्काबाई साठीच्या पुढची. मनोजला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवायचं म्हणजे ती त्याच्या काखेत हात घालून ओढी, आणि दोघंही घामाघूम होत. पुढं पुढं तिची कंबर धरली. मग मनोजच म्हणायचा, "राहू दे आई, आज नाही बसायचं." असे दिवस वाढत गेले. तो छताकडे बघत पडून राही.

व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी एकदा मोबाईलवर एक फळी दाखवली. अडीच फूट लांब, फूटभर रुंद, दोन्ही टोकांना हात घालायला खाच. तिचं एक टोक पलंगावर, एक खुर्चीवर ठेवायचं आणि हातांच्या जोरावर त्यावरून सरकत जायचं. मनोजचे हात अजून लोखंडासारखे होते. तो बराच वेळ ते चित्र बघत राहिला.

"तू सगळ्या नाशिकच्या टेबलांना कडा काढतेस," तो संध्याला म्हणाला. "मला एक फळी नाही काढणार?"

दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं फळी कापली.

त्या महिन्यात एका शाळेच्या बाकांचं काम चालू होतं. मशीनला लावलेल्या बिटनं सकाळपासून बरीच प्लाय कापली होती. त्याचा आवाज बदललाय, किंचित घोगरा झालाय, हे संध्याला कळत होतं. नवं बिट एकच होतं, ते उद्याच्या मालासाठी ठेवलेलं. खालच्या बोर्डाची चाळण झाली होती आणि तो तासायला अर्धा तास तरी हवा होता. सुट्टीची पंचवीस मिनिटं उरली होती. तिनं पापुद्र्याची वेगळी फेरी न ठेवता एकाच फेरीत आरपार कापलं.

वरची कड छान निघाली. तिनं ती गोल करून घेतली, घासली, पॉलिशचा हात मारला. मग फळी उलटी केली. खालच्या कडेला, विशेषतः हाताच्या खाचेपाशी, तंतू उभे होते. घासकामावरची ललिता शेजारी उभी होती.

"दे इकडे, मी घासते," ललिता म्हणाली.

तेवढ्यात दिनेशभाऊंनी हाक मारली. सुट्टी संपली होती. संध्यानं पेपर घेऊन खालून दोन हात मारले आणि फळी पिशवीत घातली. "खालची बाजू आहे," ती म्हणाली. "खालीच राहणार. रविवारी आणते परत, नीट करते."

पण त्या रविवारी फळी परत गेली नाही.

कारण मनोज पहिल्याच दिवशी तिच्यावरून सरकून स्वतःचा स्वतः खुर्चीत जाऊन बसला. मधे एकदा अडकला. संध्या पुढं झाली तसा तो ओरडला, "हात लावू नको!" आणि दात ओठ खात उरलेलं अंतर काटलं. खुर्चीत बसल्यावर तो हसत होता की रडत होता हे कळत नव्हतं. अक्काबाईनं पदर तोंडाला लावला. त्यानं स्वतः खुर्ची ढकलत दाराशी नेली आणि तासभर रस्ता बघत बसला. आल्यागेल्याला हाका मारल्या. महिन्याभरात शेजारपाजारचे मिक्सर आणि पंखे त्याच्याकडे दुरुस्तीला येऊ लागले. दाराशी खुर्ची, मांडीवर पत्र्याचा डबा, डब्यात स्क्रू. दिवसातून सहा-सात वेळा तो खुर्चीत जाई आणि पलंगावर परत येई, बऱ्याचदा तर नुसताच येता येतं म्हणून.

"फळी एक दिवस नेते हो, खालून घासायचीय," संध्या म्हणे.

"पुढच्या रविवारी," तो म्हणे.

ती वरची बाजू वर आहे ना, एवढं बघे आणि गप्प बसे. त्याचं ते सुख तिला एका दिवसासाठीही काढून घ्यावंसं वाटलं नाही. निदान तेव्हा तिनं स्वतःला असंच सांगितलं.

शाळेच्या कामाचा शेवटचा आठवडा आला. शाळा उघडायच्या आत माल पोचवायचा होता. संध्या रोज दोन-तीन तास जास्त थांबू लागली. घरी येईपर्यंत मनोज जेवून झोपलेला असे आणि त्याला उठवून, वळवून, कातडी बघायचं तिच्या जिवावर येई. ओळीनं चार दिवस तिनं बघितलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी अक्काबाईचा फोन आला. मनोजला हुडहुडी भरलीय. संध्या धावत घरी गेली. ताप होता, दात वाजत होते. लघवीच्या नळीमुळे असा ताप आधीही दोनदा आला होता. गल्लीतल्या डॉक्टरांनी त्याच गोळ्या दिल्या. तीन दिवस गोळ्या चालू होत्या. ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. मनोज बरळू लागला, पत्र्यावर कोण चढलंय म्हणून विचारू लागला.

चौथ्या दिवशी सकाळी अंग पुसायला संध्यानं त्याला वळवलं आणि तिला वास आला. डाव्या बाजूला, बसताना जिथं भार येतो तिथं, तळहाताएवढं काळंनिळं झालं होतं. मधोमध बारीक भोक, टाचणीनं पाडल्यासारखं.

दवाखान्यात त्याला लगेच आत घेतलं. रक्तात साखर वाढलेली आहे हेही तिथंच पहिल्यांदा कळलं. दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले. त्यांच्या हातात स्टीलची छोटी वाटी होती.

"हे आत होतं," ते म्हणाले. "पू मांडीपर्यंत उतरलाय. लाकडाचं आहे. कुठून आलं असेल?"

वाटीत दीड इंच लांबीचं कुसळ होतं. फिकट पिवळं, सरळ, एका बाजूनं सपाट. पलंगाची कड सागवानी होती, काळपट. दाराची चौकट लोखंडी. त्या वाटीतलं लाकूड कुठल्या प्लायच्या कुठल्या थराचं आहे, हे संध्याला बोट न लावता कळलं. रोज तिच्या मशीनच्या भुशात तसली हजार कुसळं पडत.

"पलंगाचं असंल," मागून अक्काबाई म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "म्या वढलं असंल त्याला वाकडं. माह्याच हातानं झालं."

डॉक्टरांनी संध्याकडे पाहिलं. संध्यानं ते खोडून काढलं नाही.

दवाखान्यातल्या सहाव्या दिवशी पहाटे मनोज गेला. जायच्या आदल्या दिवशी दुपारी तो थोडा वेळ शुद्धीवर होता. पंख्यांची विचारपूस केली. सोनवण्यांचा पंखा तयार आहे, नेऊन दे, म्हणाला. संध्यानं हो म्हटलं. कुसळाचं मात्र सांगितलं नाही.

दिवसकार्य सायखेड्याला झालं, मनोजचा थोरला भाऊ पुंजा याच्या घरी. दहाव्याला गोदेकाठी जमलेल्या माणसांत अक्काबाई ज्याला त्याला तेच सांगत होती. "माह्या हातानं मारलं म्या पोराला. मला उचलता येत नव्हतं, तरी मीच वढत व्हते." माणसं "असं कुठं असतंय का" म्हणत आणि नजर खाली घालत. पुंजाची बायको कुसाबाई तेवढंही म्हणाली नाही. घरी आल्यावर ती पितळी घासता घासता मोठ्यानं बोलली, "म्हातारीला झेपत नव्हतं तर सांगायचं व्हतं. आम्ही मेलो व्हतो का? जिवानिशी गेला माणूस."

अक्काबाईनं ते ऐकलं. त्या दिवशी तिनं पानावर बसून एक घास मोडला आणि तसाच ठेवला. संध्या चार हातांवर बसली होती. तिच्या घशापर्यंत शब्द आले होते. पण घरात वीस-पंचवीस माणसं होती, आणि तिला भीती वाटली. नुसती माणसांची नाही. एकदा तोंडातून बाहेर पडलं की ते खरं होईल, याची.

तेराव्यानंतर अक्काबाई गावालाच राहिली. संध्या एकटी नाशिक रोडला परतली आणि सोमवारी कामावर गेली.

मशीनपुढं उभी राहिली, पण हात चालेना. दहा प्लाय झाल्या की ती बिट उतरवून भिंगाखाली बघे. खालचा बोर्ड दिवसातून दोनदा तासे. कापलेला प्रत्येक तुकडा उलटा करून त्याच्या खालच्या कडेवरून तळहात दाबून फिरवी. बोटांना जागोजागी चिरा पडल्या. जिथं दिवसाला चाळीस तुकडे निघत तिथं पंधरा निघू लागले. दिनेशभाऊंनी आठवडाभर कळ काढली. माणूस गेलाय हिचा, म्हणून सोडून दिलं. मग एका सकाळी ते तिच्यापाशी येऊन उभे राहिले.

"संध्या, हे कपाटाच्या पाठीमागचे तुकडे आहेत. भिंतीला लागणार. यांची खालची बाजू कोण बघणार आहे?"

तिनं मशीन बंद केलं. फिरणारं बिट थांबेपर्यंत वाट पाहिली. मग ललिताला म्हणाली, "मी जाऊन येते," आणि तशीच, कपड्यांवरच्या भुशासकट, बाहेर पडली. बस बदलून दुपारी दोनच्या सुमारास सायखेड्याला पोचली.

अक्काबाई ओसरीवर सुपात बाजरी निवडत बसली होती. पंधरा दिवसांत ती निम्मी झाली होती. गळ्याची हाडं दिसत होती. कुसाबाई आत भाकरी थापत होती. पुंजा खाटेवर आडवा झाला होता, तो उठून बसला.

"अशी मधीच कशी आलीस?" अक्काबाईनं विचारलं. "कामाला खाडा केला का?"

संध्या तिच्यासमोर जमिनीवर बसली. "आई, ते कुसळ पलंगाचं नव्हतं. फळीचं होतं. मी कापलेल्या फळीचं."

अक्काबाईचा हात सुपात थांबला. आतला भाकरीचा आवाजही थांबला.

मग संध्यानं सगळं सांगितलं. बोथट बिटचं, चाळण झालेल्या बोर्डाचं, वाचवलेल्या अर्ध्या तासाचं. ललिता घासते म्हणत होती तेही. चार दिवस तिनं मनोजला वळवून बघितलं नाही, तेही. "दवाखान्यात वाटी बघितली तेव्हाच मला कळलं होतं. तुम्ही स्वतःवर घेत होतात आणि मी ऐकत होते."

कुसाबाई दारात येऊन उभी राहिली. हात पिठाचे. "अगं अवदसे," ती म्हणाली, "आणि महिनाभर म्हातारीला जळू दिलंस?"

"हो," संध्या म्हणाली.

पुंजा खाटेवरून उठला आणि बाहेर निघून गेला. अक्काबाईनं सूप बाजूला ठेवलं. मग तिनं उजवा तळहात उघडून संध्यापुढं धरला. अंगठ्याच्या खाली एक जुनी, बारीक, बुजत आलेली जखम होती.

"मला म्हाईत व्हतं," ती म्हणाली.

संध्याला कळेना.

"त्याच्या पाठीला तेल लावायची ना म्या. त्या तेलानं फळी लय निसरडी झाली. एकदा घसरून पडत व्हता. तर मलाच म्हणला, आई, उलटी टाक, ही बाजू धरती. टाकली. चार-पाच दिस तशीच व्हती. तू यायच्या आधी परत सुलटी करून ठेवायचा. मला लावताना हातात भसकन घुसलं. रगत आलं. म्हणलं, मनोज, ही टोचती रं, संध्याला दावू. तर म्हणला…" ती थांबली. "म्हणला, तिला सांगू नको. ती फळी घेऊन जाईल, आन मी पुन्यांदा पोत्यावानी पडून राहीन. लुगडं टाक घडी करून तिच्यावर. म्या टाकायची. एखांद्या टायमाला नसंल टाकलं. दवाखान्यात फळीचं नाव तोंडातून निघंना, म्हणून पलंग म्हणले."

कुसाबाई दारातून हलली नव्हती.

"मंग कुणाच्या हातानं गेला त्यो?" अक्काबाईनं विचारलं. ती संध्याला विचारत नव्हती. संध्यानं पुढं होऊन सासूचा तो हात धरायला हात लांबवला, तर अक्काबाईनं आपला हात मागं घेतला आणि पदराखाली नेला.

"नको," ती म्हणाली. "आता नको. तुह्यावर राग हाय का नाय ते मला अजून कळंना. तू जा. वर्षश्राद्धाला ये. त्याच्या आधी नको येऊ."

संध्या उठली. कुसाबाईनं तिला ये म्हटलं नाही की जा म्हटलं नाही. फाट्यावर बसची वाट बघत ती उभी असताना पुंजा समोरून आला, तिच्या शेजारी थोडा वेळ उभा राहिला आणि बस दिसल्यावर हात करून ती थांबवली. एवढंच.

त्या दिवसापासून अक्काबाई पुन्हा जेवू लागली, हे संध्याला नंतर पुंजाच्या फोनवरून कळलं. गावात आता बोट संध्याकडे होतं. म्हातारीकडे नव्हतं.

दिनेशभाऊंना तिनं सांगितलं की मशीनवर दुसरं कुणीतरी घ्या. त्यांनी आधी समजावलं, मग चिडले, शेवटी सिन्नरचा एक अनुभवी माणूस आणला. संध्या घासकामाला परत गेली, ललिताच्या शेजारच्या टेबलाशी. तिनं घासलेला माल कधी परत आला नाही. पण गिऱ्हाइकांना आत बोलावून डोळे मिटून बोट फिरवायला लावणं दिनेशभाऊंनी सोडून दिलं होतं, कारण तसं केलं की ती काम टाकून बाहेर जाऊन उभी राही.

वर्षश्राद्धाला ती सायखेड्याला गेली. कुसाबाईनं तिच्याशी बोलणं टाकलं होतं ते टाकलंच. पंगत उठल्यावर बायकांची पानं मांडली तेव्हा संध्या एका कडेला, भिंतीशी बसली. अक्काबाई भाताचं पातेलं घेऊन आली. वाकताना तिला कष्ट पडत होते. तिनं संध्याच्या पानावर भात वाढला, वरण वाढलं, आणि पातेलं खाली ठेवून तिथंच, तिच्या शेजारी, आपलं पान मांडून घेतलं. दोघी जेवल्या.